मुक्त सॉफ्टवेअर सर्वांचे. पण घडविणारे कोण?

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. मराठी माणसाला हा भेद मुद्दाम सांगावा लागत नाही. संगणकाला मात्र तो कोणीतरी शिकवावा लागतो. हिंदीपुरतीच देवनागरी ठाऊक असलेल्या प्रोग्रॅमरच्या हातून हा ‘ऱ्या’ सहज निसटू शकतो आणि मग ‘आचाऱ्यांना’ धाडलेला निरोप ‘आचार्यांना’ पोहोचतो! मुक्त सॉफ्टवेअरच्या निर्मितीत नाना भाषांचे आणि नाना थरांतील लोक का हवेत, याचे उत्तर या एका अक्षरात सापडते.

मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स, फायरफॉक्स हा ब्राउझर आणि पत्रे, तक्ते तयार करण्यासाठीचे लिब्रेऑफिस ही त्याची परिचित उदाहरणे होत.

दार उघडे, तरी...

दार उघडे असले म्हणून सगळेच आत येतात असे नाही. २००६ मध्ये गुगलच्या ‘समर ऑफ कोड’ उपक्रमात ‘ग्नोम’ या मुक्त प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले. त्यांत एकही स्त्रीचा नव्हता. त्याच वर्षी ग्नोमने खास स्त्रियांसाठी उपक्रम जाहीर करताच सुमारे १०० अर्ज आले. इच्छुक होत्याच, त्यांना निमंत्रण नव्हते, इतकेच. याच प्रयत्नांतून पुढे ‘आउटरीची’ ही योजना आकाराला आली. तीत नवख्यांना मार्गदर्शक आणि विद्यावेतन दोन्ही मिळते.

प्रोग्रॅमिंग येत नसले तरी

जळगाव रस्त्यावरील फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावालाही हाच धडा लागू पडतो. सहभाग म्हणजे प्रोग्रॅमिंगच, हा समज आधी दूर व्हायला हवा. मेनूतील शब्दांना सोपे मराठी प्रतिशब्द सुचविणे, ‘फुलंब्री’तील जोडाक्षर पडद्यावर नीट उमटते की नाही हे तपासणे, चूक कळविणे, ही कामे शिक्षक, गृहिणी किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी करू शकतात. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात तर मराठी वाक्ये वाचून आपला आवाजही देता येतो. मराठवाड्यातील स्त्रियांचे आणि वृद्धांचे उच्चार नोंदलेच गेले नाहीत, तर बोलून चालणाऱ्या यंत्राला त्यांचे बोलणे समजणार कसे?

अर्थात, जबाबदारी प्रकल्प चालविणाऱ्यांचीही आहे. नवख्यांसाठी सोपी कामे वेगळी काढणे, शंकेला मराठीत उत्तर देणे, पहिल्या चुकीवर हेटाळणी न करणे आणि अनुवादकाचे नाव प्रोग्रॅमरच्या बरोबरीने नोंदवणे, एवढे तरी त्यांनी करायलाच हवे. अन्यथा सॉफ्टवेअर कागदोपत्री सर्वांचे राहील, पण ते बोलेल मोजक्याच लोकांची भाषा.