मुठीतली वाळू

कारखान्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता कशी रुजतेय ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं आणि मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली एक फौंड्री गाठली. शेतीच्या ऑइल इंजिनांवर वाढलेला इथला ओतकामाचा धंदा आता मोटारी, ट्रॅक्टर, पंपांसाठी कास्टिंग पुरवतो. ऑफिसात दाखवलेल्या माहितीपटापेक्षा मी साच्यांची वाळू तयार होते त्या सँड प्लांटवरच जास्त रेंगाळलो.

तिथल्या जुन्या ऑपरेटरना सगळे मामा म्हणतात. मिक्सरमधून पडलेली वाळू ते मुठीत दाबतात, गोळा मधोमध मोडतात आणि मोडलेली कड पाहून पाणी वाढवायचं की थांबवायचं ते ठरवतात. वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि जेमतेम 3-4 टक्के पाणी. या वाळूच्या साच्यात 1,400 अंश सेल्सिअसच्या आसपासचं लोखंड ओततात. पाणी जास्त झालं तर वाफ कोंडून कास्टिंगमध्ये पोकळ्या, म्हणजे ब्लोहोल पडतात. कमी झालं तर साच्याची कड ढासळते आणि वाळू कास्टिंगमध्ये शिरते. साचे फोडतात त्या नॉकआउटवरून परतलेली वाळू गरम असली की आणखी पंचाईत. मिक्सरवर नेमकी वाटलेली वाळू साच्यापर्यंत पोचेतो कोरडी पडते.

आता प्रत्येक बॅचचा ओलावा, तापमान, प्रयोगशाळेतले आकडे आणि रिजेक्शन यांची सांगड घालून संगणक पुढच्या बॅचमध्ये काय किती घालायचं ते सुचवतो. पावसाळ्यातली ओली नवी वाळू आणि उन्हाळ्यातली तापलेली परतीची वाळू, दोन्ही तो विसरत नाही. हे मला मनापासून आवडलं.

पण तो शिकणार कशावरून? दोष कळतो शॉट ब्लास्टिंगने कास्टिंग साफ झाल्यावर, कधी तर ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये पृष्ठभाग कापल्यावर, कित्येक दिवसांनी. कास्टिंगवरच्या हीट कोडवरून भट्टीतला धातू सापडतो. वाळूची बॅच सापडत नाही, कारण हॉपरमध्ये बॅचा एकमेकींत मिसळलेल्या असतात. कास्टिंगवरच्या एकाच खड्ड्याला एक पाळी ब्लोहोल म्हणते, दुसरी सँड. रिजेक्शनची वही तर अनेक फौंड्र्यांत पाळी संपताना अंदाजानेच भरतात. अशा नोंदींवर पोसलेला संगणक ठामपणे चुकीचा सल्ला देईल आणि पडद्याकडे पाहणारी नवी मुलं तो मानतील. मामांनी मूठ उघडून जे ओळखलं, त्याला मात्र त्या नोंदींत रकानाच नाही.

फौंड्रीमालकांनो, सॉफ्टवेअरची ऑर्डर देण्याआधी साच्यांवर क्रमांक टाका, दोषांची नावं सगळ्या पाळ्यांत एकच ठरवा आणि त्या बैठकीला सँड प्लांटवरच्या माणसाला बोलवा.