पिचरचे वेतन आणि मूल्य

‘वेतन’ आणि ‘मूल्य’ हे शब्द व्यवहारात पुष्कळदा एकाच अर्थी योजले जातात. परंतु अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा विचार करताना त्यांत भेद करणे अगत्याचे ठरते. फलंदाजाकडे चेंडू टाकणारा पिचर हा या खेळातील प्रमुख खेळाडू होय. मर्यादित द्रव्यबळाचा संघ त्याचे मूल्य कसे ठरवितो, हे येथे पाहावयाचे आहे.

मुख्य लीगमधील तरुण खेळाडूस साधारणतः पहिली तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपासच वेतन मिळते. पुढील तीन वर्षांत वेतनाविषयीचा वाद लवादापुढे गेल्यास, लवाद दोन्ही पक्षांच्या आकड्यांपैकी एक स्वीकारतो. मधला आकडा त्यास सुचविता येत नाही. सहा वर्षांची सेवा व चालू करार संपला म्हणजे खेळाडू मुक्त होतो. अर्थात, समान कौशल्याच्या दोन पिचरांपैकी ज्याच्यावरील हक्काची अधिक वर्षे शिल्लक असतील, तो काटकसरी संघास अधिक मोलाचा वाटतो. नाण्याचे मूल्य त्याच्या धातूवरून ठरत नाही, या सोस्यूरच्या दृष्टान्ताची येथे आठवण व्हावी.

ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर २००४ मध्ये या संघाने मार्क मल्डर हा नामांकित पिचर सेंट लुइसला दिला आणि त्याच्या बदल्यात डॅन हॅरन या तरुण पिचरसह तीन खेळाडू घेतले. हॅरनने पुढील तीन हंगामांत १०२ सामन्यांचा प्रारंभ केला. मल्डर २००५ मध्ये उत्तम खेळला. मात्र पुढे खांद्याच्या दुखापतीने तो जायबंदी झाला व २००८ नंतर मुख्य लीगमध्ये दिसला नाही. डिसेंबर २००७ मध्ये ओकलंडने हॅरनलाही अ‍ॅरिझोनाकडे धाडून सहा तरुण खेळाडू मिळविले.

तथापि केवळ फलावरून निर्णयाची परीक्षा करणे युक्त नव्हे. मल्डरची दुखापत कोणी हिशेबात धरलेली नव्हती; हिशेब होता तो उरलेल्या वर्षांचा.

या हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. संघाची बचत म्हणजे तरुण पिचरला न मिळालेले वेतन होय. मुक्त होण्यापूर्वीच त्याचा खांदा निकामी झाला, तर ते वेतन त्यास पुढे कधीच मिळत नाही. काटकसरीचा लाभ संघास होतो. तिच्यातील जोखीम मात्र बव्हंशी खेळाडूच्या माथी येते.