लोडरच्या गळक्या सिलिंडरांची दुरुस्ती

लहान ट्रॅक्टरास लोडर जोडून शेणखत भरणें, माती हलविणें वगैरे कामें थोड्या वेळांत होतात. लोडरचे हात उचलणाऱ्या पोलादी नळकांड्यांस सिलिंडर म्हणतात. त्यांतून तेल झिरपूं लागलें म्हणजे पुष्कळ मालक टाकींत नवें तेल ओतून दिवस काढतात. हें सर्वथा अहिताचें आहे. कारण तेल जेथून बाहेर येतें तेथूनच धूळ आंत जाते व पंपासही झिजविते.

सिलिंडरची रचना विहिरीवरील हातपंपासारखी आहे. पंपांत चामडी वायसर, तर येथें पिस्टनवर व दांड्याभोंवतीं रबरी सीलें असतात. फरक दाबाचा. दर चौरस सेंटिमीटरास १५० किलो दाब धरला, तर ५ सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर सुमारें २,९०० किलोंचा रेटा येतो. म्हणून प्रथम सावधगिरी. खोरें जमिनीवर टेकवावें, इंजिन बंद करावें व दांडी मागें-पुढें हलवून उरलेला दाब सोडावा. उचललेल्या हाताखालीं कोणीही जाऊं नये. गळती बोटानें चाचपूं नये, पुठ्ठा धरून पाहावी. बारीक छिद्रांतील तेलाची धार कातडी भेदून आंत जाते. जखम क्षुल्लक दिसली तरी विलंब न लावतां शस्त्रवैद्याकडे जावें, नाहींतर हात गमवावा लागतो.

दांडा बाहेर पडतो तेथें तेल दिसल्यास तोंडाकडील सील गेलें असें समजावें. बाहेर तेल नसून उचललेला हात आपोआप खालीं येत असेल, तर दोष पिस्टनच्या सीलांत किंवा वॉल्व्हमध्यें असतो. वॉल्व्ह तपासल्याशिवाय सिलिंडर उघडूं नये.

सिलिंडर काढण्यापूर्वीं तो बाहेरून स्वच्छ पुसावा व नळ्यांचीं तोंडें बंद करावीं. शेगड्यांत धरतांना टोकाची कडी धरावी. मधली नळी दाबल्यास ती चेपते. पिस्टन हवेच्या दाबानें बाहेर उडवूं नये. तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

आतां मुख्य परीक्षा दांड्याची. त्यावरून नख फिरवावें. नख अडकलें, गंजाचे खड्डे दिसले किंवा दांडा वांकला असला, तर नवें सील कांहीं दिवसांतच फाटेल. अशा वेळीं दांडा दुरुस्त करावा वा बदलावा. नळीच्या आंतील ओरखडेही याच रीतीनें पाहावे.

जुनीं सीलें काढतांना त्यांची दिशा कागदावर टिपून ठेवावी. सीलाचा ओठ दाबाच्या तेलाकडे व धूळ पुसणाऱ्या कड्याचा ओठ बाहेर असावा. उलट बसविल्यास सर्व श्रम व्यर्थ जातात. नवीं सीलें त्याच मापाचीं घ्यावीं, यंत्रांतील तेलांत भिजवावीं व अणकुचीदार हत्यार न लावतां बसवावीं. पिस्टनची चाकी यंत्राच्या पुस्तकांत दिलेल्या मापानेंच आवळावी.

जोडणी झाल्यावर ओझें न घेतां हात सावकाश अनेक वेळां वरखालीं करावे, म्हणजे आंतील हवा निघून जाते. मग टाकींतील तेल पाहावें व पुन्हां पुठ्ठ्यानें परीक्षा करावी.

काम संपल्यावर दांडे शक्य तितके आंत घेऊन, चिखल पुसून यंत्र छपराखालीं ठेवावें. एवढी काळजी घेतल्यास सीलें दीर्घकाळ टिकतात.