कर्जाच्या सहीआधी दोन रात्री जाऊ द्या

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. पूर ओसरला, घरं चिखलात होती आणि मायक्रो फायनान्सचे हप्ते डोक्यावर. कर्जमाफीसाठी कोल्हापुरात महिलांनी मोर्चे काढले. तेव्हापासून एक टोमणा ऐकू येतो, "एक कर्ज फेडायला दुसरं काढतात, बायकांना हिशेब कळत नाही."

परिचारिका म्हणून आम्ही सांगतो, हिशेब कळतो. पण घाबरलेलं शरीर तो नीट करू देत नाही.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. भीती वाटली की त्यांतून आधी अ‍ॅड्रिनलिन आणि मग कॉर्टिसॉल रक्तात उतरतं. छाती धडधडते, साखर वाढते. समोर साप असेल तर हे उपयोगी. पण साप निघून जातो, हप्ता दर आठवड्याला येतो.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही जणांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावला आणि पैशांचे निर्णय घ्यायला सांगितले. ताणाखाली माणसं फायद्याच्या वेळी जास्त सावध झाली, पण तोट्याच्या वेळी जास्त धोका पत्करू लागली. "गेलेले पैसे एका फटक्यात काढू" हा विचार इथूनच जोर धरतो. मग दुप्पट पैशांची स्कीम, मोबाईलवरचं झटपट कर्ज, मटका.

ताण लांबला तर उलटही होतं. २०१४ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगात आठ दिवस कॉर्टिसॉल वाढवलेली माणसं साधा धोकाही टाळू लागली. अशी भीती बसली की चांगला धंदासुद्धा नको वाटतो.

२०१३ चा एक अभ्यास तर तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा आहे. तोडणीआधी, हात तंग असताना, त्यांना बुद्धीच्या चाचण्या जड गेल्या. बिल हाती आल्यावर त्याच माणसांना त्या सोप्या गेल्या. माणूस तोच, फरक खिशाचा.

म्हणून भगिनींनो, एवढं पाळा :

● नुकसान झालं त्याच दिवशी नवं कर्ज, नवी स्कीम नको. मध्ये दोन रात्रींची झोप जाऊ द्या.

● सही किंवा अंगठ्याआधी कागद घाबरलेला नाही अशा माणसाकडून वाचून घ्या.

● रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रो फायनान्स कर्ज देताना घरातले सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर दारात येता येत नाही.

● ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा. झोप उडाली, जीव नकोसा वाटला तर टेलि-मानस, १४४१६.

रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटं बसा आणि ज्यांच्यापुढे कर्जाचा कागद आहे, तो सगळ्यांनी मिळून वाचा. कर्ज असण्यात लाज नाही. लाजेपोटी एकटीने सही करण्यात धोका आहे.