मीटर म्हणतंय १००, खरा स्पीड किती?

रविवारची सकाळ. पुण्याहून लोणावळ्याला निघालेले आम्ही चौघं आणि गाडी मित्राच्या चुलतभावाची, म्हणजे दादाकडून मागून आणलेली. एक्स्प्रेसवेच्या सपाट पट्ट्यात कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. आमचा काटा १०८ वर. मी म्हटलं, ‘‘अरे, हळू घे ना.’’ उत्तर तयारच होतं. ‘‘कंपनीचं मीटर नेहमी पाच टक्के जास्त दाखवतं. खरा स्पीड १०३ असेल. एवढ्याला कोण धरतंय?’’ माझ्या मोबाइलवरचा मॅप मात्र १०७ दाखवत होता. त्यावर साहेब म्हणाले, ‘‘तुझा फोन गंडलाय!’’

चार दिवसांनी दादाच्या मोबाइलवर ई-चलानचा मेसेज आला. वेग १०७. दंड दोन हजार. पैसे मित्राने भरले, पण दादाचा विश्वास काही दोन हजारांत परत मिळाला नाही. किल्ली कपाटात गेली ती गेलीच.

गंमत अशी, की मित्राचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. तुमच्याही ग्रुपमध्ये असं छातीठोकपणे सांगणारा कुणी तरी असेलच. म्हणून उरलेलं अर्धं आधी समजून घ्या.

मीटर स्पीड मोजतच नाही

खरंच! तुमची गाडी रस्त्यावर किती वेगाने सरकतेय, हे स्पीडोमीटरला थेट कळत नाही. तो फक्त चाक किती वेळा फिरलं ते मोजतो. जुन्या स्कूटरमध्ये हे काम चाकापासून आलेली केबल करायची, आता गिअरबॉक्समधला किंवा एबीएसचा सेन्सर करतो. चाकाच्या एका फेरीत गाडी किती पुढे जाते, हा आकडा कंपनीने आधीच भरून ठेवलेला असतो. त्यावरून हिशोब होतो आणि काटा हलतो.

पण टायर झिजतं, हवा कमी होते. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कारसाठीच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत ती झिजली, की चाक थोडं लहान होतं. तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात आणि मीटर जवळपास दोन टक्के जास्त दाखवायला लागतं.

हे सगळं कंपनीला माहीत असतं. म्हणून ती मुद्दाम थोडं जास्त दाखवणारं मीटर बसवते. युरोपसह अनेक देशांत लागू असलेला संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो, की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवायचाच नाही. जास्त दाखवलेला चालेल, पण खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर, इथपर्यंतच. म्हणजे गाडी खरोखर ८० ने पळत असेल, तर मीटरवर ९२ पर्यंतचा आकडा चालतो. ७९ मात्र चालत नाही.

मग घोळ कुठे झाला?

टायरमध्ये! गाडीची मूळ टायर्स १८५/६५ आर१५ या साइजची. दिवाळीत दादाने ‘लूक येतो’ म्हणून २०५/६५ आर१५ टाकली. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या किती टक्के ते. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. हिशोब केला तर चाकाचा व्यास ६२२ वरून ६४८ मिलिमीटरवर गेला. चार टक्क्यांची वाढ!

आता प्रत्येक फेरीत गाडी चार टक्के जास्त पुढे जाते, पण बिचाऱ्या मीटरला त्याचा पत्ताच नाही. कंपनीने सेफ्टीसाठी ठेवलेली सूट टायर्सनीच खाल्ली आणि मित्राने ती दुसऱ्यांदा वापरली.

प्रश्न फक्त दंडाचा नाही. ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १०० ऐवजी १०७ चा स्पीड असेल, तर हे अंतर साधारण १४ टक्क्यांनी वाढतं. पुढचा ट्रक अचानक थांबला, तर ‘मीटर जास्तच दाखवतं’ हा डायलॉग कामाला येत नाही.

तुमची गाडी अशी तपासा

• ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर किंवा मॅन्युअल बघा. तिथे दिलेली टायर साइज आणि तुमच्या टायरवर छापलेली साइज जुळते का? टायर गार असताना हवाही तपासून घ्या.

• मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर ४०, ६० आणि ८० ला प्रत्येकी अर्धा मिनिट वेग स्थिर ठेवा आणि जीपीएसशी ताडून बघा. अर्थात त्या रस्त्याच्या मर्यादेतच. बोगद्यात, घाटाच्या वळणांवर किंवा वेग कमी-जास्त होत असताना जीपीएसवर विसंबू नका.

• नेट नाही? किलोमीटरचे दगड आहेत की! मीटरवर ८० स्थिर ठेवलंत, तर एक किलोमीटरला बरोबर ४५ सेकंद लागायला हवेत. ३६०० ला लागलेल्या सेकंदांनी भागा, खरा वेग मिळेल. ४७ सेकंद लागले तर तुम्ही साडेशहात्तरच्या आसपास आहात. पाच किलोमीटरचा वेळ मोजलात, तर उत्तर आणखी नेमकं येईल.

• फोन आणि स्टॉपवॉच शेजारच्याच्या हातात. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं!

मीटर तीन-चार किलोमीटर जास्त दाखवत असेल, तर बिनधास्त राहा. खऱ्यापेक्षा कमी दाखवत असेल, तर आधी टायर साइज दुरुस्त करा. काटा थरथरतोय, मध्येच शून्यावर येतोय? मग सेन्सर, वायरिंग किंवा जुन्या बाइकची केबल मेकॅनिकला दाखवा.

परवा दादाने स्वतः गाडी काढली आणि आम्हाला सोबत घेतलं. काटा ८० वर, फोनवर ७९. सगळी सूट मिळून उरली एक किलोमीटर! दादाने टायर्स बदलायचं ठरवलंय. मित्र मागच्या सीटवर मुकाट्याने स्टॉपवॉच धरून बसला होता. किल्ली परत मिळायला अजून वेळ आहे, पण सुरुवात झालीय.