गोदामातला बिनमाणसाचा हमाल : घेण्याआधी चालवून बघा

खांदा कॉलनीच्या बाहेर महामार्गावर दहा मिनिटे उभे राहा. न्हावाशेवा बंदराचे कंटेनर मोजता मोजता थकाल. या पट्ट्यात पूर्वी भातखाचरे होती. सिडकोने ती १९७० पासून घेतली. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीची गोष्ट पुढे सरकली. आज पनवेल-उरणात भाताच्या जागी गोदामे उभी आहेत. कुणी जमीन भाड्याने दिली आहे, कुणाचा मुलगा तिथे कामाला आहे.

त्याच गोदामांत आता स्वतःहून फिरणारी यंत्रे येऊ लागली आहेत. बुटकी, चाकांची गाडी. कपाटाखाली शिरते, ते उचलते आणि माणसापुढे आणून ठेवते. उद्या तुमच्या शेतकरी कंपनीच्या दारातही विक्रेता येईल. तेव्हा काय विचाराल?

बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, औताला जुंपून चार तास चालवतो. इथेही तेच. विक्रेत्याच्या गुळगुळीत हॉलमधली फेरी पाहून भुलू नका. तुमच्या गोदामात, तुमच्याच मालावर, गाड्या लागलेल्या गर्दीच्या दिवशी चालवून दाखवा म्हणावे. फरशीला भेगा, उतार, सांधे असतील तर गाडी अडखळते. भाताचा कोंडा आणि धूळ तिच्या लेसरच्या डोळ्यांवर बसते. वीज गेली, वायफाय तुटले, तर ती जागच्या जागी थांबते की कुणाच्या अंगावर जाते, हे समोर बघा. बिनचालक मालवाहू गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ३६९१-४ हे मानक आहे. त्याचा दाखला मागा.

यात दोन जाती आहेत, हेही ध्यानात ठेवा. एक जमिनीवरच्या पट्टीवरून किंवा खुणांवरून चालते. वाट बदलायची तर खुणा बदलाव्या लागतात. दुसरी गोदामाचा नकाशा मनात ठेवते आणि आडवे आलेले खोके चुकवून जाते. काही विक्रेते पहिलीला दुसरीच्या भावात खपवतात.

विक्रेता टिकणार का, हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. अमेरिकेतली किवा ही कंपनी अशा गाड्या बऱ्याच गोदामांना विकत असे. २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरला घेतली आणि पुढे गाड्या स्वतःपुरत्याच ठेवल्या. बाकीच्या गिऱ्हाइकांना नवा धनी शोधावा लागला. आपल्याकडे २०११ ची ग्रेऑरेंज आहे, २०१६ ची नोएडाची अ‍ॅडव्हर्ब आहे. अ‍ॅडव्हर्बचा मोठा हिस्सा २०२२ मध्ये रिलायन्सकडे गेला. मालकी बदलली म्हणजे वाईटच झाले असे नाही. पण करारात लिहून घ्या की कंपनी विकली गेली तरी सुटे भाग आणि प्रणाली अमुक वर्षे मिळेल. दुरुस्तीचा माणूस कुठून येणार, पुण्याहून की दिल्लीहून? किती तासांत? बॅटरी कुणी बदलायची, सॉफ्टवेअरचे दरवर्षीचे पैसे किती? गाडीच्या किमतीपेक्षा हा खर्च पुढे जड जातो. त्यांची गाडी जिथे दोन वर्षे चालते आहे अशा गोदामाचा पत्ता मागा आणि विक्रेत्याला न घेता जाऊन या.

आता खरे सांगायचे तर पन्नास किलोच्या भाताच्या गोण्या थप्पीला लावणाऱ्या गोदामाला याची गरजच नाही. हाताने ओढायची पॅलेट गाडी पुरते. दिवसाला हजारो बारीकसारीक ऑर्डरी निवडून पाठवायच्या असतील तरच हा हिशेब बसतो.

सरपंच मंडळींनी मात्र एक विचारायला हवे. गोदामाला ना-हरकत देताना स्थानिकांना किती कामे मिळणार, हे आपण कागदावर घेतो. माथाडींसाठी १९६९ चा कायदा आहे, पण तो काम करणाऱ्या हातांसाठी. चाकांना तो लागत नाही. यंत्रे आल्यावर ती चालवायला, चार्ज करायला, दुरुस्त करायला गावातली किती मुले घेणार आणि त्यांना शिकवणार कोण, हेही त्याच कागदावर लिहून मागा. सही त्यानंतर.