एका फाइलीतली सतरा पानं वेगवेगळी कशी काढायची

बाभुळगाव नगरपंचायतीचे १७ प्रभाग. समजा, प्रत्येक प्रभागात लावायला घंटागाडीच्या वेळांचं एकेक पत्रक आपल्याला करायचं आहे. मांडणी तीच, फक्त प्रभागाचा क्रमांक, गाडीची वेळ आणि गल्ल्यांची नावं बदलतात. असं काम एकाच फाइलीत १७ पानं घेऊन केलेलं बरं. वरची पट्टी किंवा रंग बदलायचा ठरला, तर सगळी पानं डोळ्यांसमोर असतात आणि एखादं पान सुटत नाही.

अडचण छपाईच्या वेळी येते. कोणत्या प्रभागाला किती प्रती हे वेगवेगळं असतं, म्हणून प्रेसवाले प्रत्येक पानाची फाइल वेगळी मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरही लोकांना आपल्याच प्रभागाचं पान हवं असतं. तर ही पानं सुटी कशी करायची, ते क्रमानं पाहू.

आधी एक ओळख. आपण ज्यात काम करतो ती वेक्टर फाइल असते. फोटो ठिपक्यांनी भरलेला असतो. वेक्टरमध्ये रेषा, वळणं आणि आकार गणिताच्या रूपात साठवलेले असतात, म्हणून चित्र कितीही मोठं केलं तरी कडा फुटत नाहीत. आपल्याकडे डीटीपीच्या दुकानांत हे काम बहुधा कोरलड्रॉवर चालतं. इंकस्केप हे तसंच, पण मोफत मिळणारं सॉफ्टवेअर. इथे मुख्यतः त्याचीच रीत सांगतो, कारण ते कुणीही घरच्या संगणकावर उतरवून घेऊ शकतं.

इंकस्केपची आवृत्ती तपासून घ्या. एका फाइलीत अनेक पानं ठेवण्याची सोय मे २०२२ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपासून आहे. संगणकावर त्याआधीची आवृत्ती असेल, तर खाली सांगितलेली बटणं शोधूनही सापडणार नाहीत.

आता पानांना नावं द्या. ही पायरी लोक गाळतात आणि पुढचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. डावीकडच्या पट्टीतलं पानांचं साधन निवडा, एकेका पानावर क्लिक करा आणि वरच्या रकान्यात त्याचं नाव लिहा. फाइल बाहेर काढताना हेच नाव तिच्या नावात उतरतं. नाव दिलं नाही, तर फाइलींना नुसते पानाचे क्रमांक लागतात. पाचवं पान म्हणजे पाचवाच प्रभाग, असं असेल याचा भरवसा नाही. मध्ये एखादं पान वाढलं की सगळे क्रमांक पुढे सरकतात.

नाव प्रभाग-०१, प्रभाग-०२ असं ठेवा, पण अक्षरं इंग्रजी वापरा. देवनागरी नावं आपल्या संगणकावर नीट दिसतात. छपाईच्या मशीनला जोडलेल्या जुन्या संगणकावर मात्र त्यांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसू शकतात. एक ते नऊच्या आधी शून्य लावा. नाहीतर काही ठिकाणी यादी १, १०, ११ अशी लागते आणि २ पार खाली जातो.

मग प्रत्येक पानाच्या कडा नजरेखालून घाला. इंकस्केपमध्ये सगळी पानं एकाच मोठ्या पटावर शेजारी-शेजारी मांडलेली असतात. चौथ्या पानावरची रंगाची पट्टी जरा लांब ओढली गेली आणि पाचव्या पानाच्या हद्दीत शिरली, तर पाचव्या पानाच्या फाइलीत तिचा तुकडा उमटतो. पडद्यावर तो सहज नजरेत भरत नाही. पानांमधलं अंतर वाढवलं की हा त्रास बराच कमी होतो.

आता प्रत्यक्ष काढणं. फाइल मेनूतून 'एक्स्पोर्ट' उघडा किंवा शिफ्ट, कंट्रोल आणि ई एकत्र दाबा. उजवीकडे उघडणाऱ्या चौकटीत दोन भाग असतात: एक चित्र काढण्याचा आणि 'बॅच एक्स्पोर्ट', म्हणजे एकदम अनेक फाइली काढण्याचा. दुसऱ्यात जाऊन 'पेजेस' निवडा. सगळ्या पानांची छोटी चित्रं दिसतील. ज्यांच्यावर खूण आहे तीच पानं बाहेर पडतात, म्हणून खुणा मोजून घ्या. फाइली ठेवायला नवा, रिकामा फोल्डर करा. जुन्या फाइलींत नव्या मिसळल्या की कोणती दुरुस्त केलेली, ते कळत नाही.

तिथेच खाली फाइलीचा प्रकार निवडायचा असतो. प्रेससाठी पीडीएफ, मोबाइलसाठी पीएनजी. दोन्ही प्रकार एकाच वेळी मागता येतात. पीएनजी हे ठिपक्यांचं चित्र असल्यामुळे त्याची घनता, म्हणजे एका इंचात किती ठिपके, हे आपणच ठरवायचं. इंकस्केप आपणहून ९६ धरतं. ए-४ पान त्यात ७९४ बाय ११२३ ठिपक्यांचं होतं. मोबाइलवर ठीक दिसतं, छापलं की अक्षरं धूसर. ३०० केलं तर तेच पान २४८० बाय ३५०८ होतं. पीएनजी छापायला द्यायचीच वेळ आली, तर ३०० ठेवा.

मूळ एसव्हीजी फाइल तशीच कुणाला पाठवू नका. हे स्वरूप मुळात एका पानाच्या चित्रासाठी आहे. बाकीची पानं फक्त इंकस्केपला ओळखता येतात. ब्राउझरमध्ये उघडली तर पहिलंच पान दिसतं आणि समोरच्याला वाटतं, आपण एकच पाठवलं.

मराठी मजकुरात सगळ्यात जास्त घोळ होतो तो फॉन्टचा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल, तर 'क'च्या जागी इंग्रजी 'डी' दिसतो आणि 'बाभुळगाव' वाचता येत नाही. नव्या कामासाठी युनिकोड फॉन्टच घ्या. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' मोफत मिळतो आणि पत्रकाला शोभतो. तरीही जोडाक्षरं आणि वेलांट्या दुसऱ्या मशीनवर हलू शकतात. म्हणून पीडीएफच्या सेटिंगमध्ये अक्षरांचं रेषांत रूपांतर करण्याचा पर्याय निवडा. दुकानात यालाच 'कर्व्ह करणं' म्हणतात. ते पीडीएफपुरतंच करा. मूळ फाइलीतली अक्षरं एकदा कर्व्ह केली, की घंटागाडीची वेळ सातवरून साडेसात करायलाही अख्खी ओळ पुन्हा टाइप करावी लागते.

कोरलड्रॉवर काम असेल, तर चित्र म्हणून एक्स्पोर्ट करताना समोरचं पान निघतं. 'पब्लिश टू पीडीएफ'च्या सेटिंगमध्ये मात्र पानाचा क्रमांक देऊन हवं ते पान काढता येतं आणि अक्षरं कर्व्ह करण्याची खूणही तिथेच असते. पानं फार असतील, तर सगळ्यांची मिळून एकच पीडीएफ काढून नंतर पीडीएफ तोडणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरनं सुटी करणं सोपं जातं. नावं नंतर तपासून घ्यावी लागतात.

फाइली निघाल्यावर फोल्डरमध्ये १७ आहेत का, ते पाहा आणि प्रत्येक उघडा. फाइलीच्या नावातला प्रभाग आणि पानावरचा प्रभाग जुळवून घ्या. शक्य असेल तर हे दुसऱ्या संगणकावर करा. आपल्या संगणकावर सगळे फॉन्ट असल्यामुळे तिथे चूक दिसतच नाही. प्रेसला व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलेल्या चित्राचे ठिपके कमी केले जातात.

मूळ फाइल जपून ठेवा. एखाद्या प्रभागाची वेळ बदलली, तर दुरुस्ती तिच्यातच करा, 'पेजेस'मध्ये त्या एकाच पानावर खूण ठेवा आणि तेवढीच फाइल पुन्हा काढा. बाकीच्या सोळांना हात लावायची गरज नाही.